सत्तावीसचे सव्वीस

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तू, भाऊजी आणि घरची सगळी मंडळी खुशाल असाल असं धरून चालतो. भाऊजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, औषध घेतल्यावर तासभर तरी बोलू नका. (मागच्या वेळी फोनवर त्यांनी मला खोकल्याचीच माहिती पाऊण तास खोकत दिली होती.) इकडची खुशाली म्हणशील तर हिची तब्येत उत्तम आहे. माझी नाही, आणि त्याला कारण तू आहेस. मोठ्या बहिणीला असं लिहू नये हे मला कळतं. पण चार महिने हे वाक्य गिळून बसलोय, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की पित्ताच्या माणसाने काही गिळून बसू नये.

सहामाही परीक्षा संपली तेव्हा तुझं चार ओळींचं पत्र आलं होतं. चौथीचा वर्ग विमानतळ बघायला पाठवतेय, एकतीस मुलं आहेत, सोबत नव्या बाई आहेत, शाळेची तपासणी असल्यामुळे मी येत नाही. मुलं चौकस आहेत, त्यांना विमानतळाच्या गमतीजमती सांग. आणि शेवटी, 'तुला काय, तू तर तिथला कर्ताधर्ता.' शाळांना फिरवायला आमच्याकडे एक जनसंपर्क अधिकारी नेमलेले आहेत. मी तुझं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं, 'चौकस' या शब्दावर क्षणभर बोट ठेवलं आणि त्या आठवड्याची रजा टाकली. तो माणूस अनुभवी आहे. मी नव्हतो.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती तुला कुठूनतरी कळणारच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी इथे लागलो तेव्हा घरी पत्र टाकलं होतं, 'प्रशासन विभागात रुजू झालो.' ते खोटं नव्हतं. हरवले-सापडले कक्ष कागदोपत्री प्रशासन विभागातच येतो. आईने ते पत्र शेजारणीला वाचून दाखवताना 'विभागात' हा शब्द गाळला, शेजारणीने पुढच्या दारी सांगताना 'प्रशासन'चं 'प्रशासक' केलं, आणि महिन्याभरात मी विमानतळ चालवायला लागलो. सुट्टीत घरी यायचो तेव्हा लोक मला धुक्याबद्दल विचारायचे. आईचा चेहरा बघून मी धुक्याबद्दल बोलायचो. ताई, मी विमानतळ चालवत नाही. प्रवासी विसरून गेलेल्या छत्र्या, चष्मे, कवळ्या आणि कुबड्या मी नोंदवून फडताळात ठेवतो. (कुबडी विसरून माणूस विमानात चढतो कसा, हे मला अठ्ठावीस वर्षांत कळलेलं नाही. या प्रश्नाचं उत्तर तुझ्या चौथीकडेही नव्हतं, हे नमूद करतो. त्यांना न आलेला तो एकमेव प्रश्न.)

तर तुझ्या मुलांपुढे तुझी मान खाली जायला नको म्हणून मी कामाला लागलो. 'चौकस मुलांसाठी विमानतळाच्या पन्नास अजब गोष्टी' अशी चौदा पानी वही मी स्वतःच्या हाताने लिहिली आणि तिच्या एकतीस प्रती काढून आधीच बाईंकडे पाठवल्या. खरं सांगायचं तर मला स्वतःला अकराच अजब गोष्टी माहीत होत्या, आणि त्यातल्या नऊ कवळ्यांबद्दल होत्या. उरलेल्या एकोणचाळीस मी दारोदार फिरून गोळा केल्या. विमानांना वाट देणाऱ्या मनोऱ्यावरच्या माणसाने सांगितलं की तिथल्या काचा मुद्दाम बाहेरच्या बाजूला कललेल्या बसवतात, म्हणजे आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब डोळ्यांपुढे येत नाही. गवत कापणाऱ्याने सांगितलं की धावपट्टीजवळचं गवत किती उंच ठेवायचं हेसुद्धा ठरलेलं असतं, पाखरांना तिथे बसायला आवडू नये म्हणून. दिवेवाल्याने सांगितलं की धावपट्टीच्या कडेचे दिवे पांढरे आणि विमानाच्या येण्याजाण्याच्या वाटेचे निळे. महिनाभर मी जेवताना हिला या गोष्टी सांगत होतो. एकदा ही म्हणाली, "इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच ऑफिसबद्दल बोलताय. पण आता पुरे."

ठरलेल्या दिवशी तुझी सेना आली. मी दारातच शिरगणती केली, एकतीस. पहिल्या जिन्यावर केली, तीस. बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही स्वतःच्या पाठीमागचा एक मोजला नाही." सरकत्या पट्ट्यापाशी केली तर बत्तीस. बत्तिसावं मूल कुठल्यातरी प्रवाशाचं होतं, अजब गोष्टी ऐकत ऐकत रांगेत शिरलं होतं, आणि परत जायला तयार नव्हतं. त्याच्या आईने ते ओढून नेलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तशी नजर मी फक्त सामान हरवलेल्या लोकांची पाहिलेली आहे.

पन्नास अजब गोष्टी मला दोन तास पुरतील असा माझा अंदाज होता. त्या चाळीस मिनिटांत संपल्या, कारण मुलांनी वही बसमध्येच वाचून काढली होती आणि मी तोंड उघडलं की पुढचं वाक्य तीच म्हणायची. उरला वेळ प्रश्नांचा. विमानातल्या संडासाचं पुढे काय होतं? (टाकीत जमतं, खाली आल्यावर एक गाडी येऊन ओढून घेते. यावर त्यांनी मला अकरा उपप्रश्न विचारले, ते मी इथे लिहीत नाही.) वैमानिकाला झोप लागली तर? दोघांनाही लागली तर? विमानाला हॉर्न असतो का? या शेवटच्या प्रश्नावर मी मोठ्या माणसासारखा हसलो आणि म्हणालो की आकाशात कोण कुणाला बाजूला व्हायला सांगणार, विमानाला हॉर्न नसतो. शेजारून जाणारा एक मेकॅनिक थांबला आणि म्हणाला, "असतो की. खाली उभ्या असलेल्या आम्हा लोकांना बोलवायला बऱ्याच विमानांना असतो. पुढच्या चाकापाशी." एकतीस पेन्सिली एकदम वहीवर चालल्या. तिथून पुढे माझं प्रत्येक वाक्य मुलं आधी बाजूच्या माणसाकडे बघून मग लिहून घेत होती.

त्या एकतीसमध्ये एक मुलगी आहे. दोन वेण्या, एका काचेला चिकटपट्टी लावलेला चष्मा, आणि गळ्यात दोरीने बांधलेलं होकायंत्र. तू तिला ओळखतेस, कारण ते होकायंत्र विज्ञानाचं बक्षीस म्हणून तूच दिलेलं आहे, असं तिने मला तीनदा सांगितलं. मी तिला होकायंत्रवाली म्हणतो. ही इतरांसारखी बडबड करत नाही. गप्प असते आणि मग एकच प्रश्न विचारते.

अग्निशमन केंद्रापाशी आम्ही आलो. तिथून धावपट्टीचं टोक अगदी समोर दिसतं. जवान गडी झकास आहेत, त्यांनी बंब दाखवले, धावपट्टीच्या कुठल्याही कोपऱ्यात तीन मिनिटांच्या आत पोचावं लागतं ते सांगितलं, आणि मुलं दहा मिनिटं माझ्याकडे ढुंकून बघेनात. मला जरा वाईट वाटलं. म्हणून मी (ताई, माणसाचा घात त्याच्या हौसेने होतो) घसा साफ केला आणि एकोणपन्नासावी अजब गोष्ट काढली. म्हणालो, "मुलांनो, समोर धावपट्टीवर तो भला मोठा सत्तावीसचा आकडा दिसतो ना, तो असाच कुणाच्या मनाला आला म्हणून लिहिलेला नाही. ती दिशा आहे. होकायंत्र धरलं की धावपट्टी दोनशे सत्तर अंशांकडे तोंड करून आहे. शेवटचं शून्य खोडलं, राहिले सत्तावीस."

"आणि दोनशे बहात्तर असेल तर?" होकायंत्रवाली.

"तर जवळच्या दहापर्यंत सरळ करायचं. दोनशे बहात्तरचे दोनशे सत्तर."

ती मान हलवून बाजूला गेली. अंगणाच्या भिंतीवर तिने होकायंत्र ठेवलं, एक डोळा मिटला, धावपट्टीच्या रेषेत बघितलं, आणि परत येऊन म्हणाली, "दोनशे एकसष्ट."

मी म्हणालो, इथे एवढे लोखंडी बंब उभे आहेत, काटा बिघडणारच. मला वाटलं विषय संपला. तिने बंबापासून साठ पावलं मोजली, गवताच्या कडेला मांडी घालून बसली आणि तीनदा मोजलं. "आता दोनशे चौसष्ट. तिन्ही वेळा." मग तिने वर्गाकडे वळून विचारलं, "दोनशे चौसष्ट जवळच्या दहापर्यंत किती?"

"दोनशे साठ," तीस मुलं एका सुरात म्हणाली.

"शून्य खोडून?"

"सव्वीस."

तुझ्या शाळेत गणित चांगलं शिकवतात, ताई. हे एरवी मी कौतुकाने लिहिलं असतं. त्या वेळी मी एवढंच म्हणालो की खेळण्यातल्या होकायंत्राने विमानतळ मोजत नसतात, आणि सगळ्यांना लगबगीने माझ्या खोलीकडे वळवलं. (माझ्या खोलीत त्यांना नेण्याचा विचारच नव्हता. पण तिथे निदान दिशा नाहीत.)

खोलीत एकतीस मुलं मावत नाहीत. दहा दहा आत घेतली. कवळ्यांवर मात्र मी त्यांना जिंकलं. एकेक कवळी कुठल्या विमानातून आली ते मी न बघता सांगतो, हे पाहून त्यांनी पहिल्यांदाच बाजूच्या माणसाकडे न बघता लिहून घेतलं. होकायंत्रवाली शेवटच्या दहांत होती. ती दारावरची पाटी वाचत उभी राहिली. मग आत आली, माझं टेबल बघितलं, टेबलावरचा माझा डबा बघितला आणि हळूच, इतरांना ऐकू जाणार नाही अशी, म्हणाली, "काका, तुमची खोली हीच का?"

"हो."

"मग विमानतळ कोण चालवतं?"

तुझ्या शब्दाला जागायचं तर मला खोटं बोलायला हवं होतं. पण तिच्या हातात पेन्सिल होती. मी म्हणालो, "सगळे मिळून चालवतात. थोडा थोडा."

तिने ते लिहून घेतलं. म्हणाली, "म्हणजे तुम्ही पण. थोडा." आणि बाहेर जाऊन रांगेत उभी राहिली. कुणाला काही बोलली नाही. मी त्या दिवशी डबा तसाच घरी नेला, आणि ही मला दोन दिवस बोलत होती.

इथे हे पत्र संपायला हवं होतं. पण तुझ्या नव्या बाईंनी मुलांना आभाराची पत्रं लिहायला लावली. तीस पत्रं मला आली, त्यांत कवळ्यांची चित्रं होती, ती मी फडताळाला लावलीत. एकतिसावं पत्र मला आलं नाही. पाकिटावर लिहिलं होतं, 'विमानतळ (थोडा) चालवणारे काका यांस.' असा हुद्दा आमच्याकडे नसल्यामुळे आवक विभागाने पाकीट फोडलं. आत चार ओळी आभाराच्या आणि खाली, 'तुमच्या धावपट्टीचा आकडा चुकला आहे, कृपया बघावे.' आता आमच्याकडे नियम असा की नागरिकाने धावपट्टीबद्दल काहीही लेखी कळवलं की त्याला शिक्का, क्रमांक आणि सात दिवसांत लेखी उत्तर द्यावंच लागतं. नागरिकाचं वय किती असावं, हे नियमात लिहिलेलं नाही. त्या कागदाला क्रमांक पडला आणि तो थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर गेला.

मोठे साहेब म्हणजे आमच्या विमानतळाचे व्यवस्थापक, जे तो खरोखर चालवतात. त्यांनी मला बोलावलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या केबिनमध्ये मी दुसऱ्यांदा गेलो. (पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांच्या आधीच्या साहेबांची छत्री हरवली होती.) त्यांनी पाकीट माझ्यापुढे धरलं आणि शांतपणे विचारलं, "थोडा म्हणजे किती?"

निवृत्तीला माझे अकरा महिने राहिलेत, ताई. त्या प्रश्नाला कुठलंही उत्तर दिलं असतं तरी ते माझ्या गोपनीय अहवालात गेलं असतं. साहेबांनी लेखनिकाला सांगून उत्तर पाठवलं, 'आपले निरीक्षण नोंदवून घेतले आहे. आभारी आहोत.' या वाक्याने आजवर भलेभले थंड झालेत. होकायंत्रवालीचं उलट टपाली पत्र आलं, 'नोंदवून घेतले म्हणजे काय केले?' त्यालाही क्रमांक पडला.

आणि मग तो रविवार. मी घरी पेपर वाचत होतो. सुरक्षा चौकीतून फोन आला की कुंपणाबाहेर धावपट्टीच्या टोकाच्या रेषेत एकतीस मुलं उकिडवी बसलीत, काहीतरी यंत्रं लावून, आणि विचारलं तर तुमचं नाव सांगतात. मी पायात जे सापडलं ते घालून धावलो. (एक चप्पल हिची होती.) तोवर चौकीवाल्याने साहेबांनाही कळवलं होतं, आणि धावपट्टीचे इंजिनियर म्हणून जे गृहस्थ आहेत, जे कधी कुणाशी बोलत नाहीत, त्यांनाही. आम्ही तिघे एका जीपमधून तिकडे गेलो. इंजिनियर खिडकीबाहेर बघत होते, आणि मांडीवर बोटाने कसलेतरी आकडे गिरवत होते. मला वाटलं रागाने.

तुझ्या नव्या बाईंनी पुढे येऊन तुझ्या सहीचं पत्र दाखवलं. 'विज्ञान सहल, विषय: चुंबकीय दिशा.' शाळेच्या प्रयोगशाळेतली आठ होकायंत्रं तू त्यांना काढून दिली होतीस. मला एक ओळ कळवली असतीस तर मी आजारी पडलो असतो. मुलं चार चारच्या गटांत, कुंपणाच्या लोखंडापासून लांब, ओळीत बसली होती. गटातलं एक मूल मोजणार, दुसरं लिहिणार, बाकीची तपासणार. आठ होकायंत्रं, प्रत्येकी पाच वेळा, आणि फळ्यासारख्या एका पुठ्ठ्यावर होकायंत्रवाली चाळीस आकड्यांची बेरीज करत होती.

साहेबांनी कमरेवर हात ठेवले. ते रागावले तर ओरडत नाहीत, आवाज खाली आणतात. म्हणाले, "बाळ, हा आकडा मोठ्या मोठ्या लोकांनी मोजून लिहिलेला आहे."

"कधी?" तिने मान वर न करता विचारलं.

साहेबांनी इंजिनियरांकडे बघितलं. इंजिनियर साहेबांकडे बघत नव्हते. ते जाऊन त्या मुलीशेजारी गवतात बसले, पँट मळेल याचा विचार न करता, आणि पुठ्ठ्यावरची बेरीज वरपासून खालपर्यंत तपासली. मग म्हणाले, "एकतीस वर्षांपूर्वी. तेव्हा बरोबर होता. होकायंत्राचा काटा जिकडे ओढ घेतो ती उत्तर जागेवर राहत नाही, दरवर्षी थोडी थोडी सरकते. धावपट्टी तिथेच असते आणि आकडा जुना होतो. सगळ्या जगात होतं असं. तुमची सरासरी किती आली?"

"दोनशे चौसष्ट."

"माझीही तेवढीच आली होती."

"तुमची?" साहेब म्हणाले. "तुमची कधी आली?"

"दोन वर्षांपूर्वी, साहेब. अहवाल दिलाय. आपल्या कपाटात आहे, डावीकडून दुसऱ्या खणात."

ताई, मी आयुष्यात बऱ्याच हरवलेल्या वस्तू सापडताना बघितल्यात. पण वस्तू हरवली आहे हेच ज्याला माहीत नव्हतं, अशा माणसाच्या डोळ्यांपुढे ती सापडलेली मी प्रथमच बघितली. वरून एक विमान उतरायला आलं, इतकं खालून की सगळ्या मुलांचे केस उडाले, आणि एकानेही वर बघितलं नाही. सगळी साहेबांकडे बघत होती. शेवटी त्यांनी त्या मुलीला विचारलं, "चुकीच्या आकड्याने विमानं पडतील असं वाटलं का तुला?"

"नाही," ती म्हणाली. "पण लिहिलंय तर बरोबर असावं ना."

इंजिनियरांनी रुमाल काढून चष्मा पुसला. चष्म्याला काही झालं नव्हतं. मी पण जरा बाजूला जाऊन उभा राहिलो, पायात हिची चप्पल होती म्हणून.

यापुढचं सगळं माझ्या डोक्यावर आलं. साहेबांनी सोमवारी समिती नेमली. इंजिनियर मोजणीचं बघणार, मनोरा जगभर कळवायचं बघणार (असा आकडा मनात आलं म्हणून बदलता येत नाही, सगळे नकाशे एकाच ठरलेल्या दिवशी बदलतात आणि आधी सगळ्या देशांना सांगावं लागतं), आणि विमानतळात जिथे जिथे सत्तावीस लिहिलंय ती प्रत्येक जागा शोधून काढणार कोण, तर हरवले-सापडलेवाले. साहेब म्हणाले, "शोधणं हे तुमचंच काम आहे, आणि तुम्ही विमानतळ थोडा चालवता." ते हसले का नाही हे मला अजून कळलेलं नाही.

ताई, सत्तावीस आकडा चारशे बारा ठिकाणी होता. पाट्यांवर, दिव्यांच्या पेट्यांवर, बंबांच्या नकाशांवर, गाडीवाल्यांच्या परवान्यांवर, एका भिंतीवरच्या मोठ्या चित्रात, आणि दुसऱ्या टोकाला नऊ होता तो आता आठ होणार म्हणून तेवढ्याच ठिकाणी परत. रोज सकाळी मी यादी आणि शिडी घेऊन निघतो. कर्मचाऱ्यांच्या क्लबचं नाव 'सत्तावीस' आहे, त्यांनी नाव बदलायला नकार दिलाय आणि मला कॅरमला घेत नाहीत. उपाहारगृहातल्या बाई मला बघितलं की विचारतात, आमच्या सत्तावीस नंबरच्या टेबलाचं काय करू? त्या टेबलाचा धावपट्टीशी काही संबंध नाही हे माझं सहा वेळा सांगून झालं. जनसंपर्क अधिकारी परवा शिडीपाशी आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मी 'चौकस' हा शब्द वाचला होता." माझे गुडघे शिडीने गेले, माझी झोप आकड्यांनी गेली. काल रात्री झोपेत मी शेजारच्या घराचा नंबर विचारत होतो म्हणे.

म्हणून मोठ्या बहिणीचा मान राखून, हात जोडून, स्पष्ट लिहितो. यापुढे माझ्याकडे एकही मूल पाठवू नकोस. चौकस तर नकोच. मला उरलेली वर्षं नाही, उरलेले महिने काढायचेत. विज्ञानाचं बक्षीस द्यायचं झालं तर कंपासपेटी दे, पुस्तक दे, होकायंत्रासारखं काही देऊ नकोस. भाऊजींना नमस्कार. ही तुला नमस्कार सांगते आणि तिची चप्पल परत मिळाली असंही कळवायला सांगते.

तुझा त्रासलेला,
धाकटा

ता. क. आकडा गुरुवारी रंगवायचाय. त्यासाठी धावपट्टी सकाळी सहा ते दहा बंद राहणार आहे, आणि त्या चार तासांत तिच्यावर माणसांना चालता येतं. अठ्ठावीस वर्षांत मी तिच्यावर पाऊल ठेवलेलं नाही. मी एकतीस मुलांचे आणि बाईंचा, असे बत्तीस पास मागितले होते. मिळालेत. मुलांना सपाट तळाचे बूट घालून पाठव, टोप्या नकोत, उडतात. सहाच्या आकड्याची पहिली रेघ होकायंत्रवालीने ओढावी असं साहेब स्वतः म्हणालेत. आकडा दुमजली घर आडवं टाकावं एवढा आहे, तेव्हा जुने कपडे.

ता. क. दुसरा. बाईंनी कळवलंय की नव्या वहीत एकोणनव्वद प्रश्न तयार आहेत. त्यातले काही त्यांनी मला आधी पाठवले तर बरं होईल. सगळे पाठवले तरी चालतील. मनोऱ्यावर आणि दिवेवाल्यांकडे मी बोलून ठेवलंय. इंजिनियर तर रोज विचारतात, आले का प्रश्न.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र लिहायचं कारण. मी तेहतिसावाही पास घेतलाय, तुझ्या नावाचा. इतक्या वर्षांत तू किती वेळा म्हणालीस की एकदा तुझं ऑफिस बघायला येते, आणि दर वेळी मी काही ना काही काढलं. कधी दुरुस्ती, कधी धुकं. आता कारणं संपलीत. खोली लहान आहे, एका वेळी दहा मुलं मावतात किंवा एक तू. पासावर 'कोणाकडे भेट' असा एक रकाना असतो आणि त्याखाली त्याचा हुद्दा. तो मी आज भरला, 'हरवले-सापडले कक्ष' असा. अक्षर जरा वाकडं आलंय, पण लिहिलंय ते बरोबर आहे. पावणेसहाला फाटक क्रमांक तीनपाशी ये, मी उभा असेन. उशीर करू नकोस. ती मुलगी आधी पोचली तर मला एकट्याला तिच्यापुढे उभं राहावं लागेल.